सड्यावर सांगितलेला शेवट

या, असे पुढे सरकून बसा. मागे दाराशी बसलात तर वारा निम्मे शब्द घेऊन जाईल, आणि ही गोष्ट निम्मी ऐकून उठण्याजोगी नाही. टाळ नाही, मृदंग नाही, पेटीचा सूरही नाही. तरी नारायणाचं नाव घेऊन एकदा तोंड उघडलं की शेवटाला नेऊनच सोडायचं, एवढा शब्द आधी देऊन ठेवू. मग ऐकणाऱ्याचा जीव तरी टांगणीला लागत नाही.

पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी एक वाडी आहे. खाली मासेमारांची घरं, मधोमध शाळा, आणि वर चढणीला लागताना आठल्यांचं आंब्याच्या कलमांचं आगर. त्या आगरात उमाताई आठल्ये आणि त्यांचे यजमान चारुदत्त असे दोघंच राहतात. मुलगा उन्मेष पुण्याला. चारुदत्तांचा जीव कलमांत आणि उमाताईंचा कीर्तनात. वडील कीर्तनकार बुवांच्या साथीला पेटी वाजवायचे, त्यामुळे हे वेड त्यांच्या अंगात लहानपणीच भिनलेलं. पूर्वरंग चालू असेतो ही पोर पेटीमागे झोपलेली असायची. मध्यंतराला कपाळावर बुक्क्याचं बोट टेकलं की जागी व्हायची, ती आख्यान संपून आरती होईपर्यंत पापणी मिटायची नाही. बुवांची ती खोड तिला फार आवडायची, की भक्त उकळत्या कढईच्या काठाशी उभा करायचा आणि नेमकं तिथे थांबून नामाचा गजर धरायचा. सगळी सभा टाळ्या वाजवायची, आणि कढईतलं तेल आपलं तिकडे उकळत राहायचं.

शाळेत करुणा मॅडम आल्या, त्या सावर्ड्याकडच्या. दोन शिक्षकांची शाळा, त्यातले एक कायम कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला गेलेले. मॅडमचं म्हणणं असं की पोरं धडा वाचतात, शब्दाखाली बोट धरून घडाघडा वाचतात, पण धडा संपला की पुस्तक मिटून मोकळी होतात. ‘मग काय झालं?’ असं विचारणारं पोर मला हवंय, असं त्या उमाताईंना म्हणाल्या, आणि दर शनिवारी येऊन गोष्ट सांगाल का, असं विचारलं. उमाताई कशाला नाही म्हणतात! दोघींनी मिळून एक रीत बसवली. शनिवारी उमाताईंनी गोष्ट अर्ध्यावर आणून सोडायची. पुढचं मुलांनी घरी मनाने रचायचं, जमेल तसं लिहायचं, आणि सोमवारी वर्गात एकेकाने उभं राहून मोठ्याने सांगायचं. कुणाचाही शेवट चुकीचा म्हणायचा नाही, आणि कुणी गप्पही बसायचं नाही, असा मॅडमचा नियम.

उमाताईंना ही रीत म्हणजे घरचीच वाटली. पूर्वरंग मी करते, उत्तररंग पोरं करतील, असं त्या चारुदत्तांना कौतुकाने सांगत.

“अगो, बुवा थांबतात ते चहाच्या घोटापुरते,” चारुदत्त म्हणत. “तू दोन दिवस थांबतेस. तेवढ्यात तुझा भक्त तळून निघेल.”

पण रीत चांगली चालली, हे खरं. पोरं लिहू लागली. घरच्यांना सतावू लागली. एका पोराने तर राजाच्या हत्तीला शेवटी ताप आणला आणि त्याला औषध पाजायला अख्ख्या वाडीच्या घागरी जमा केल्या. करुणा मॅडम हसून हसून खुर्चीत वाकल्या होत्या.

दिवाळीआधीच्या एका शनिवारी उमाताईंनी नवीनच गोष्ट जुळवली. वाडीतलीच, समुद्राची. काशी नावाची एक पोर. बाप गलबत घेऊन गेलेला, दिवस झाले तरी परतलेला नाही. काशी ओहोटीला खडपात कालवं काढायला जाते, काळ्या खडकांवरून आत आत जाते, आणि कालवांच्या नादात भरती कधी लागली ते तिला कळत नाही. मागची वाट पाण्याखाली जाते. ती सगळ्यात उंच खडकावर चढते. पाणी पायाशी येतं. दूर एक शीड दिसतं. ते बापाचंच की आणखी कुणाचं, ते काही कळत नाही.

उमाताई तिथे थांबल्या. टाळी वाजवून म्हणाल्या, आता सोमवारी.

वर्गात एकच गलका उठला. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या आर्याने हात वर केला. चौथीतली, खालच्या मासेमारांच्या घरांतल्या गंगुबाईची नात. बोलणं कमी आणि डोळे मोठे.

“आजी, काशीबरोबर कोण आहे?”

“कुणी नाही. म्हणून तर ती गोष्ट आहे.”

“आणि शीड तिच्या बाबांचंच आहे ना?”

“ते तूच सांग सोमवारी,” असं म्हणून उमाताईंनी तिचा गाल थोपटला आणि छत्री उचलून त्या चढणीला लागल्या. वाटेत एक पदही गुणगुणल्या. गोष्ट कशी बरोबर जागी मोडली, याचाच आनंद. ते शीड कुणाचं, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

रविवारी वारं फिरलं. समुद्रात कमी दाबाचा पट्टा झालाय, असं टीव्हीवर सांगू लागले. किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढल्या गेल्या, आणि बाहेर गेलेल्या बोटींना जवळच्या खाडीत शिरा म्हणून निरोप गेले. उमाताईंनी खिडकीचे अडसर घातले, कलमांच्या फांद्यांची काळजी केली आणि झोपल्या. खाली कुणाच्या घरचं कोण दर्यात आहे, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

सोमवारी त्या शेवट ऐकायला शाळेत गेल्या. पहिल्या पोराने काशीला डॉल्फिनच्या पाठीवर बसवून थेट बंदरात आणलं. दुसऱ्याने हेलिकॉप्टर आणलं. गलबताच्या काळात हेलिकॉप्टर कुठलं, असं एक पोरगी म्हणाली, तर तो म्हणाला की शेवट चुकीचा म्हणायचा नाही, मॅडमचा नियम आहे. दर्शन नावाच्या पोराने काशीच्या परकरात मोबाइल निघाला असं सांगितलं, पण रेंज एकच दांडी, म्हणून तिने नुसता मिस कॉल दिला. सगळे हसत होते. उमाताईही हसत होत्या, पण त्यांची नजर दुसऱ्या रांगेतल्या रिकाम्या जागेवर जाऊन जाऊन परत येत होती.

आर्या कुठाय, म्हणून त्यांनी विचारलंही. करुणा मॅडम म्हणाल्या, वारं आहे, आजीने ठेवली असेल घरी.

एवढ्यात दारात गंगुबाई उभी राहिली. हातात डबा. पोरगी डबा विसरून आली, एवढं म्हणून तिने तो पुढे केला, आणि वर्गावरून नजर फिरवली. मग पुन्हा एकदा फिरवली. पोर कुठेच दिसेना, तेव्हा डबा धरलेला तिचा हात तसाच हवेत राहिला.

आर्या सकाळी दप्तर घेऊन घरातून निघाली होती. शाळेत पोचली नव्हती.

आई रत्नागिरीला मासळीच्या कारखान्यात कामाला, पहिल्या गाडीने गेलेली. बाप नितेश ट्रॉलरवर खलाशी, बोट दर्यात, आणि कालपासून त्याचा फोन लागत नव्हता. हे सगळं गंगुबाईने दारातच सांगितलं. ते ऐकताना उमाताईंना काशी आठवली. बाप समुद्रावर असलेल्या पोरीला आपण कुठली गोष्ट सांगितली, आणि कुठे थांबवून घरी पाठवली!

“मॅडम, खडपात,” एवढंच त्या म्हणाल्या.

मुलांना त्या दिवशी नेमके हजर असलेल्या दुसऱ्या मास्तरांच्या हवाली करून दोघी धावत सुटल्या. गंगुबाई मागे. वाडीतली जी माणसं भेटली ती बरोबर निघाली. त्यांत धाकू होता, गंगुबाईच्या शेजारचा म्हातारा, आयुष्यभर होडीवर काढलेला. किनाऱ्यावर आले तर भरती लागलेली. खडपाचा निम्मा भाग पाण्याखाली गेला होता आणि उरलेल्या खडकांवर लाट फुटून पांढरी होत होती. आर्येऽ म्हणून हाका मारल्या, त्या वाऱ्याने आल्या पावली परत आणल्या. धाकू आणि दोन तरुण पोरं कमरेएवढ्या पाण्यातून खडकाखडकाआड बघून आली. काही नाही. काही नाही, याचा अर्थ चांगला घ्यायचा की वाईट, ते कुणी बोलून दाखवेना.

धाकू निथळत वर आला आणि उमाताईंसमोर उभा राहिला. गोष्टीची बातमी एव्हाना त्याच्या कानावर गेली होती.

“काकू,” तो म्हणाला, “गोष्टीत पोरगी पाण्यात घातलीत ना, आता काढा भायर.”

उमाताईंनी मान खाली घातली. पेटीमागे जागी झालेली ती लहानगी पोर त्यांना आठवली. तिला कढईची भीती वाटायची, पण ती भीती गोड होती. कारण सभेतल्या प्रत्येकाला, अगदी तिलासुद्धा, पुढे काय होणार ते पाठ होतं. देव येणारच होता. दर वर्षी आला होता. म्हणून तर थांबण्यात मौज. आणि आपण काय केलं, तर जिचा शेवट कुणालाच ठाऊक नाही अशी गोष्ट अर्ध्यावर मोडली आणि एका लेकराला दोन रात्री त्या खडकावर एकटं उभं करून ठेवलं. वर त्याला उत्तररंग म्हटलं.

गंगुबाई वाळूत बसली होती. डबा मांडीवर. उमाताई तिच्यापाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं की पोर काल काय बोलत होती, कशी होती.

गंगुबाईने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाली, “काल दिवा लावला नि माज्याजवळ येऊन बसली. सांगायला लागली, आजी, त्या काशीचा बापूस पाण्यात उडी घेतो... एवढाच ऐकला नि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. घरात असला वायट बोलू नको, म्हटला. वास्तू व्हय म्हणते. तुझा बापूस दर्यात हाय.” तिने उमाताईंकडे पाहिलं. “मी काय वायट केला काय गो बाय?”

वाईट काय करायचं त्यात. उमाताईंच्या घरीही तेच. मीठ संपलं असं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. निघणाऱ्याने जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. घराच्या भिंतींना कान असतात, आणि त्या ऐकलेल्याला मान डोलावतात, हे उमाताईंनाही आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. त्यांनी गंगुबाईचा हात धरला.

करुणा मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. शनिवारी शाळा सुटल्यावर आर्या त्यांच्याकडे आली होती. शेवट मनातल्या मनात सांगितला तर चालेल का, असं विचारत होती. लाजते आहे, असं समजून मॅडमनी तिला समजावलं होतं की नाही, मोठ्यानेच सांगायचा, आणि जो शेवट मनात आला असेल तोच सांगायचा, घाबरून बदलायचा नाही.

म्हणजे मॅडम म्हणतात बोललंच पाहिजे, आणि आजी म्हणते घरात बोलायचं नाही. पोर दोघींचं ऐकणारी. उमाताई उठून उभ्या राहिल्या. घराला वास्तू आहे, शाळेलाही छप्पर आहे, देवळालाही आहे. मग बोलायचं कुठे?

“मॅडम, जिथे छप्पर नाही, भिंत नाही, अशी जागा कुठली?”

धाकू म्हणाला, ही काय, किनारा. पण किनाऱ्यावर जाळी विणायच्या खोपी आहेत, माणसं आहेत, आणि सगळा किनारा आत्ताच धुंडाळून झाला होता. मग करुणा मॅडम वर बघू लागल्या. त्यांच्यामागोमाग सगळेच वर बघू लागले.

“सडा,” मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली. वाडीच्या डोक्यावर जांभ्याचा तो उघडा सडा आहे. झाड नाही, घर नाही, नुसतं गवत आणि कातळ. आणि सड्याच्या मधोमध चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी आहेत. पावसाळ्यात त्या भरतात. दिवाळीपर्यंत त्यांत दोन पुरुष पाणी असतं आणि कडेचं गवत वाढून काठ दिसत नाही. गुरं पडतात त्यांत.

धाकू आधीच निघाला होता.

ती चढण उमाताई कशी चढल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. तोंडाने नाम चालू होतं, पण नामातही मन ठरेना. एका श्वासाला देवाचं नाव आणि दुसऱ्याला त्या खाणीचं हिरवं पाणी. गंगुबाईला वर येऊ दिली नाही, तिला धाकूच्या सुनेने खालीच धरून ठेवलं.

वर वारं मोकाट होतं. गवत आडवं होत होतं आणि पुन्हा उभं राहत होतं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी काहीतरी हललं असं वाटे. ढग खाली आले होते. हाका मारल्या. उत्तर नाही. पहिल्या खाणीशी पोचले तेव्हा काठावरच्या एका अर्धवट चिऱ्यावर दप्तर दिसलं. निळं दप्तर, पट्टे नीट मिटून ठेवलेले.

उमाताई तिथेच खाली बसल्या. करुणा मॅडमनी दप्तर उचललं आणि छातीशी धरलं. धाकू काठावर पालथा पडून खाली बघत होता. पाणी सपाट होतं, हिरवं, त्यावर वाऱ्याची शिरशिरी. तो बराच वेळ तसाच बघत राहिला. मग हातातली काठी पाण्यात घालून ढवळू लागला, आणि ते पाहणं उमाताईंना सोसेना. त्यांनी तोंड फिरवलं.

तोंड फिरवलं म्हणून दिसलं. लांब, सड्याच्या पार मधल्या उघड्या कातळावर, जिथे गवतही उगवत नाही तिथे, निळ्या गणवेशाचा एक ठिपका बसला होता. गुडघ्यांभोवती हात घालून.

करुणा मॅडम धावल्या, पण उमाताईंनी हाक मारून त्यांना थांबवलं. मी एकटी जाते, म्हणाल्या. धाकू काठी टेकून उभा राहिला आणि त्याने नुसती मान हलवली.

आर्याने त्यांना येताना पाहिलं, पण ती उठली नाही. उमाताई तिच्याशेजारी कातळावर बसल्या. दम गेला होता, तो परत यायला वेळ लागला. दप्तर तिकडे का ठेवलंस, एवढंच आधी विचारलं. जड झालं म्हणून, असं उत्तर आलं.

“सांगितलास का शेवट?”

“नाही.”

“इथे तर छप्पर नाही गो.”

“छप्पर नाही,” आर्या म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. “पण वर देव आहे ना. त्याला ऐकू येईल.”

देव सगळं ऐकतो, कितीही हळू बोललं तरी ऐकतो, हे उमाताईंनीच या पोरीला सांगितलं होतं, एका शनिवारी, फार रंगवून. पोर सकाळपासून इथे बसून होती. बोलायचं तर बोलता येत नव्हतं, आणि न बोलता शाळेत जाता येत नव्हतं, घरीही जाता येत नव्हतं.

“वेगळा शेवट करायचा होतास,” उमाताई म्हणाल्या. “डॉल्फिनचा.”

“केला. पण तो खोटा होतो. डोळे मिटले की पहिलाच येतो.”

वारा दोघींच्या मधून जात होता. उमाताईंनी आयुष्यात किती बुवांचं निरूपण ऐकलं असेल, पण त्या क्षणी त्यातलं एक वाक्य उपयोगाला येईना. मग जे आलं ते त्यांचं स्वतःचंच आलं. म्हणाल्या, “बाळा, माणूस वाईट चिंतून बोलतो ते निराळं, आणि भिऊन बोलतो ते निराळं. देवाला त्यातला फरक कळतो. तरी तुला धीर नसेल होत तर माझ्या कानात सांग. तोंड अगदी कानाला लाव, म्हणजे हवेतसुद्धा जायचं नाही. मग तो शेवट माझ्याकडे राहील. तुझ्याकडे काही राहणार नाही.”

आर्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. खरंच ठेवाल का, असं ते बघणं होतं. मग ती गुडघ्यांवर उठली, दोन्ही हातांचा द्रोण करून तो तिने उमाताईंच्या कानाला लावला आणि सांगितलं.

शीड बाबांचंच होतं. बाबांनी काशीला ओळखलं. खडकांमुळे गलबत जवळ येईना म्हणून त्यांनी उडी मारली, काशीला उचललं आणि दुसऱ्या होडीत टाकलं. मग लाट आली. काशी होडीतून हाका मारत राहिली. बाबा वर आले नाहीत. काशी घरी गेली आणि दारात बसली.

उमाताईंनी सगळं ऐकून घेतलं. थांब म्हटलं नाही, असं नको म्हटलं नाही. कानावर गरम श्वास लागत होता. सांगून झालं तेव्हा आर्याने हात काढले आणि लांब श्वास सोडला. मग तिला एकदम भूक लागल्याचं आठवलं.

“आजी, तुमच्या घरात पण नका सांगू हां.”

“नाही सांगणार.”

खाली गंगुबाईने नातीला आधी एक धपाटा घातला आणि मग असं घट्ट धरलं की पोर डब्याकडे हात पोचवायला धडपडू लागली. धाकू घरी ओले कपडे बदलायला गेला.

पोर सापडली, पण उमाताईंची गोष्ट तिथे संपली नाही. आगराच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, आल्या आणि थबकल्या. शेवट आता त्यांच्याकडे होता. नितेशचा फोन अजून लागला नव्हता, वारं वाढत होतं. पोरीला दोन युक्तीच्या गोष्टी सांगून आपण मोकळं केलं, पण त्या गोष्टींवर आपला स्वतःचा किती विश्वास आहे, ते त्यांना अंगणात उभं राहिल्यावर कळलं. पाय उंबऱ्याकडे जाईना. आत गेल्यावर नुसतं मनात जरी आलं, तरी ते भिंतींना ऐकू जाईल असं वाटू लागलं.

चारुदत्त बाहेर आले. अगो, आत ये, पावसाचं लक्षण आहे, म्हणाले. तोंडात काहीतरी आहे, एवढंच त्या बोलल्या. सुपारी असेल तर थुंकून ये, असं ते म्हणाले, पण मग बायकोचा चेहरा त्यांनी पाहिला. काय झालं ते त्यांनी विचारलं, तिने सांगता येत नाही म्हटलं. तेव्हा ते आत गेले, चहा घेऊन आले, आणि एक खुर्ची ओढून अंगणातच तिच्याजवळ बसले. निम्मी हकिगत त्यांना खालून फोनवर कळलीच होती.

कलमांच्या पानांचा आवाज समुद्रासारखा येत होता.

“उमे,” ते शेवटी म्हणाले, “पोरीने सांगितलेलं तू कुणाला सांगू नकोस, मलाही नको. पण आत चल. वास्तूने विचारलंच तर तिला म्हणावं, आमचं अजून मध्यंतर चालू आहे.”

त्या हसल्या नाहीत, पण उठल्या. उंबऱ्यात पाय टाकताना ओठ मिटून घेतले आणि संध्याकाळची आरतीसुद्धा त्यांनी ओठ न उघडता, नुसत्या टाळ्या वाजवून केली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई एवढा वेळ गप्प कधी बसली नव्हती, असं चारुदत्त पुढे सगळ्यांना सांगत.

मंगळवारी शाळा सुटायच्या सुमाराला करुणा मॅडमचा फोन आला. नितेशची बोट जयगडच्या खाडीत आसऱ्याला गेली होती. त्याचा फोन भिजून बंद पडलेला, म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून त्याने घरी कळवलं. उमाताईंनी फोन ठेवला, आणि मग त्यांना रडू आलं ते देवासमोर जाऊनही आवरेना.

त्यानंतरच्या शनिवारी आर्याने स्वतःच हात वर केला. मला शेवट सांगायचा आहे, मोठ्याने, म्हणाली. तिने तो सगळा सांगितला, जसा कानात सांगितला होता तसाच, काशी दारात बसते तिथपर्यंत. दर्शनने डोळे पुसले आणि पुसले नाहीत असं दाखवलं. खिडकीबाहेर तिचा बाप उभा होता, लेकीला न्यायला आलेला. त्याने स्वतःचं बुडणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

“आर्ये,” तो गजांना धरून म्हणाला, “मला पोहता येतो गो.”

अख्खा वर्ग हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने आर्या हसली. पण शेवट तिने बदलला नाही. गोष्टीतले बाबा वेगळे आहेत, म्हणाली.

उमाताई अजूनही शनिवारी जातात आणि अजूनही गोष्ट अर्ध्यावर सोडतात, कारण पोरं आता पूर्ण गोष्ट ऐकून घ्यायलाच तयार नाहीत. पण थांबताना कुणाला एकटं ठेवून थांबत नाहीत. कढईशी कुणी उभा असला तर त्याच्याजवळ एखादी म्हातारी, एखादं कुत्रं, निदान ओळखीचा एखादा कावळा ठेवतात, आणि मग म्हणतात, आता सोमवारी.

एवढी झाली गोष्ट. तुम्ही घरी जाल, देवापुढे दिवा लावाल, आपापल्या माणसांची नावं घेऊन हात जोडाल. त्या नावांच्या मागे आणखी एक नाव घ्या. नितेश. तो पुन्हा बोटीवर गेला आहे, आणि आज वारं आहे.